घाटावरच्या रानातला मुक्काम

सावर्ड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या मनस्विनीचा नवरा मुकुल घरात मोजकंच बोलायचा. पण २००३च्या डिसेंबरात मित्रांबरोबर कुंभार्ली घाटावरच्या रानात मुक्कामाला जायचं ठरलं आणि तो फोनवर तंबूच्या, शेकोटीच्या गप्पा खिदळत मारू लागला. तिच्याशी तो असा कधी बोलला नव्हता. तिचा नुसता जळफळाट झाला.

"मीही येते," ती म्हणाली.

"अगो, तुझं तिथे काय काम?"

जानेवारीत तिने शाळेतल्या शिक्षिकांना घरी जमवून त्याच रानात मुक्कामाचा बेत आखला. ओटीवर हशा पिकला, तसा मुकुल दारात घुटमळला.

"माझा तंबू न्या हवं तर."

"नको, शाळेतल्या उमाच्या भावाचा मिळालाय," मनस्विनीने मान वर न करता सांगितलं.

त्याचा पडलेला चेहरा बघून तिला बरं वाटलं. तोही यायला हवा होता, असंही वाटलं.