पठारावरचा निळा ड्रम

वृषाली वारूळवाडीत शिवणकाम करते. माहेरी राजुरीला असताना शाळेपासून मळ्यापर्यंत ती सायकलवरूनच हिंडायची. लग्नानंतर ते सगळं सुटलं. मुलगी आरोही कॉलेजसाठी पुण्याला गेली, तिची सायकल पडवीत गंजत पडली, तेव्हा वृषालीने ती पुसून बाहेर काढली. आधी नारायणगावच्या बाजारापर्यंत, मग ओझरपर्यंत, मग थेट पारगावपर्यंत. धाकटी जाऊ स्नेहल शाळेत शिक्षिका. तीही सायकल घेऊन बरोबर येऊ लागली. रविवारी दोघी उजाडायच्या आत निघायच्या आणि स्नेहलच्या लहानग्या सार्थकला सासूबाई, प्रयागबाई, सांभाळायच्या.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्या आणे घाट चढून पठारावर गेल्या. दोघींकडे दोन-दोन बाटल्या होत्या. घाटातच बरंच पाणी संपलं. परतताना हायवेवर ट्रकांची गर्दी नको म्हणून वृषालीने आतला रस्ता धरला. वाटेत एक वाडी होती, तिथे नळाची टाकी होती. तिथे बाटल्या भरायच्या असं ठरलं.

वाडीत पोचल्या तर नळातून नुसती हवा आली. घरांना कड्या लावलेल्या होत्या, माणसं कुठल्याशा लग्नाला गेलेली. मागे फिरावं तर घाट लांब, पुढे जावं तर निम्मा रस्ता उरलेला. स्नेहल म्हणाली, जाऊ की, उतारच आहे. वृषालीकडे अर्धी बाटली होती, स्नेहलकडची संपली होती.

थोडं पुढे गेल्यावर स्नेहलची सायकल रस्त्याच्या एका कडेकडून दुसरीकडे जाऊ लागली. वृषालीला आधी वाटलं, दमली असेल. मग स्नेहल मोठ्याने बोलायला लागली, की वर्गाला कुलूप लावायचं राहिलं, चावी शिपायाकडे आहे. रविवार होता. वृषालीने जोरात पुढे जाऊन तिची सायकल धरली. स्नेहलचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळ हाताला भाजत होतं. मघापर्यंत घामाने चिंब असलेलं अंग कोरडं ठणठणीत होतं.

"ताई, मला झोपू दे," एवढं म्हणून ती खालीच बसली.

वृषालीने बाटली तिच्या ओठांना लावली, पण पाणी हनुवटीवरून ओघळलं. घशात अडकेल या भीतीने तिने बाटली बाजूला घेतली आणि उरलेलं पाणी ओढणीवर ओतून ती ओढणी स्नेहलच्या मानेभोवती गुंडाळली. फोनला रेंज नव्हती. सावलीला एक खुरटी बाभूळ, तीही निम्मी वाळलेली. हिला सोडून मदतीला पळावं, की इथेच बसावं? तिच्या स्वतःच्या जिभेला थुंकी राहिली नव्हती.

तेवढ्यात टेकाडापलीकडून मेंढरांचा आवाज आला. तिने स्नेहलला काखेत धरून उभं केलं आणि निम्मं ओढत, निम्मं उचलत टेकाडापलीकडे नेलं. तिथे मेंढरांचा वाडा होता, शेजारी छपराचं घर आणि दारात पाण्याचा निळा ड्रम. म्हाळसाबाई नावाची म्हातारी बाहेर आली. तिने आधी तांब्या भरून दिला. वृषालीने तो स्नेहलच्या छातीवर ओतला. दुसराही ओतला. म्हातारीने तिचा हात धरला.

"प्यायला घे की. पर मातीत कशाला वततीस? टँकर परवा येनार हाय. मेंढरं काय पितील?"

"मावशी, ती पिऊ शकत नाय. अंग थंड नाय झालं तर जाईल ती."

म्हाळसाबाईने वाकून स्नेहलच्या गालाला हात लावला आणि तो लगेच मागे घेतला. तिने स्नेहलला छपराखाली ओढायला हात दिला. मग पोतं भिजवून तिच्या अंगावर टाकलं आणि सुपाने वारा घालायला लागली. तांब्यामागून तांब्या जात राहिला. ड्रमच्या तळाशी तांब्या घासल्याचा आवाज आला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण हात थांबवला नाही.

बऱ्याच वेळाने स्नेहलने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. म्हाळसाबाईने तळातलं उरलेलं गाळून तिला घोट-घोट पाजलं. म्हातारीचे यजमान जानकू मोटारसायकलवरून आले, रेंजमध्ये जाऊन त्यांनी गाडी बोलावली. स्नेहल दवाखान्यात राहिली आणि बरी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्या रात्री घरी प्रयागबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावतील म्हणून वृषाली मान खाली घालून बसली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तिच्या मेंढरांनी काय पिलं?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये पाण्याचे ड्रम भरून वृषाली निघाली, तर प्रयागबाई आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. वर गेल्यावर कळलं, जानकूंनी त्या संध्याकाळी मेंढरं हाकत घाटाखालच्या तळ्यावर नेली होती आणि ते अजून परतले नव्हते. म्हाळसाबाई रस्त्याकडे बघत दारात बसल्या होत्या. प्रयागबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. उन्हं उतरल्यावर मेंढरांची धूळ दिसली. तोवर दोघींपैकी कुणी जागेवरून उठलं नाही.

त्यानंतर उन्हाळ्यात वृषाली आणि स्नेहल पठारावर जात नाहीत. एरवी जातात. अर्धं पाणी संपलं की कुठेही असल्या तरी सायकली माघारी वळवतात.