फेलोशिपची सूचना
ओल्या डिंकाचा वास आला की नव्वदीतला समाजशास्त्र विभागाचा सूचनाफलक आठवतो. नेसरी गावची माझी मैत्रीण एका फेलोशिपची वाट पाहत होती. ती मिळाली नाही तर घरचे तिचं लग्न लावणार होते. सूचना लागली तेव्हा मुदत आदल्या दिवशीच संपली होती. कागद तीन आठवडे विभागप्रमुखांच्या ड्रॉवरात होता, असं शिपाई म्हणाला. अर्ज एकच गेला होता, सरांच्या पुतण्याचा. "नशिबात नव्हतं म्हणायचं, पोरी," सर हसून म्हणाले. "नशीब तुमच्या ड्रॉवरात असतंय व्हय, सर?" तिनं विचारलं. लग्नानंतर पहिल्याच बाळंतपणात ती गेली. गेल्या महिन्यात सरही गेले. श्रद्धांजलीच्या अंकासाठी विभागानं माझ्याकडे त्यांची एक आठवण मागितली आहे. हीच पाठवते आहे, खाली माझं पूर्ण नाव लिहून.