‘नाकारा’ दाबल्यावर

रविवार, दुपारचे अडीच. घाटंजीतलं एक ऑनलाइन सेंटर. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर बाजाराच्या दिवसाची रांग. खुर्चीत सुमनबाई राठोड (नाव बदललं आहे), एका तांड्यावरच्या अंगणवाडी सेविका, शेजारी मी. मुलांच्या आहाराच्या पाकिटांत अळ्या निघाल्या होत्या आणि त्याची तक्रार पोर्टलवर करायची होती. नाव गुप्त राहील, असं पोर्टल म्हणत होतं. सुमनबाईंना धास्ती एकच. नाव सुपरवायझर मॅडमपर्यंत गेलं तर नोकरी गेली.

“मॅडमबी फॉर्म भरायले इथंच येतात, भाऊ.”

मी म्हटलं, काळजी करू नका, कुकीज काय असतात ते मला कळतं.

हा माज मला कुठून आला, ते आधी सांगतो. तीस वर्षं बातमीदारी केली की किस्से कापसाच्या जिनिंगमधल्या सरकीसारखे साठत जातात. गेल्या दोन वर्षांत आमच्या यवतमाळच्या कचेरीत जे साठले, ते बहुतेक कुकीजचेच.

*

आमच्या कचेरीत चौघांत एक कॉम्प्युटर. एके दिवशी त्यावर कानाच्या मशीनच्या जाहिराती सुरू झाल्या. कापसाचे भाव उघडा, कानाचं मशीन. हवामान उघडा, कानाचं मशीन!

कुकी म्हणजे काही खायची वस्तू नाही. तुम्ही एखादी वेबसाइट उघडली की ती तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवून जाते. पुढच्या वेळी तीच चिठ्ठी वाचून तुम्हाला ओळखते. जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या तर या साइटवरून त्या साइटवर तुमच्या मागे फिरतात.

डेस्कवरच्या देशपांडे साहेबांनी ते मशीन याच कॉम्प्युटरवर गुपचूप शोधलं होतं, आपल्या कानाबद्दल घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून सगळी कचेरी त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली.

*

ते पाहून आमचा नेरचा वार्ताहर वानखडे घाबरला. त्याने आपल्या ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज पुसून टाकल्या. त्याबरोबर बातम्या पाठवायच्या पानाची ओळखही पुसली गेली. पासवर्ड त्याला आठवेना, मलाही आठवेना. शेवटी नेरच्या बाजाराची बातमी त्याने फोनवर सांगितली आणि मी कागदावर उतरवून घेतली, जुन्या काळासारखी.

त्यावर कडी म्हणजे प्रत्येक साइट त्याला पुन्हा पुन्हा विचारू लागली, कुकीज चालतील का? तो रोज नाही म्हणायचा आणि रोज संध्याकाळी सगळं पुसायचा. त्याचा नकारही एका चिठ्ठीतच नोंदलेला असतो आणि तीही तो पुसतोय, हे मी त्याला समजावलं.

वानखडे म्हणाला, “म्हणजे मी नाही म्हटलं हे ध्यानात ठेवाले बी त्याइले माह्याच घरात जागा पायजे?”

*

मग मी आमच्याच पेपरची वेबसाइट तपासली. ‘स्वीकारा’ हे बटण हिरवंगार, तळहाताएवढं. ‘नाकारा’ शोधायला तीन पानं आत जावं लागतं आणि तिथंही ते करड्या अक्षरांत. मी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेलो. वाचक आपला, मग त्याच्या घरात या परक्या कंपन्यांच्या चिठ्ठ्या कशाला, असं विचारलं. त्या आतल्या पानावरची कंपन्यांची यादी छापून त्यांच्यापुढे आपटली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. “एवढ्या आहेत? मले तं कोणी सांगितलंच नाही.”

त्या दिवसापासून मी जिथं जाईन तिथं ‘नाकारा’ दाबतो आणि इतरांनाही दाबायला लावतो.

*

घाटंजीतही तेच केलं. सेंटरवाले प्रकाशभाऊ सवयीने ‘स्वीकारा’ दाबायला निघाले, मी त्यांचं मनगट धरलं. ‘नाकारा’ मी स्वतः दाबलं. सुमनबाईंना म्हटलं, आता हे मशीन तुम्हाला ओळखणार नाही. त्यांनी आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन लॉगिन केलं, अळ्यांचे फोटो जोडले, तक्रार पाठवली. पावती निघेना, प्रिंटरची शाई संपली होती. भाऊ शाई मागवतो म्हणाले. पान बंद करून आम्ही उठलो आणि रांगेतला पुढचा माणूस खुर्चीत बसला.

स्टँडवर साडेचारच्या गाडीपर्यंत आम्ही चहा घेत बसलो. सुमनबाईंनी चौथ्यांदा विचारलं, “नाव तं नाही ना दिसणार, भाऊ?” मी चौथ्यांदा नाही म्हणालो.

गाडी गेली आणि मी पावतीसाठी परत सेंटरवर आलो. पोर्टल उघडलं. वर लिहिलं होतं, ‘नमस्कार, सुमन राठोड.’

मी नाकारल्या होत्या त्या जाहिरातीच्या आणि पाळतीच्या चिठ्ठ्या. आत आलेल्या माणसाला ओळखणारी चिठ्ठी ‘आवश्यक’ या सदरात असते. ती त्या बटणाने जात नाही. त्यासाठी लॉगआउट करावं लागतं. ते मी करायला लावलं नव्हतं. तीस वर्षं लोकांना जाब विचारणारा मी!

मधल्या वेळात कोण कोण येऊन गेलं, असं प्रकाशभाऊंना विचारलं. “बाजार हाय भाऊ, कोणाकोणाचं ध्यानात ठेवू? रजिस्टर नाही ठेवत मी.”

पान खाली सरकवलं. तक्रारीसमोर लाल अक्षरांत ओळ होती: ‘तक्रारदाराने तक्रार मागे घेतली. आज, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.’

चार वाजून दहा मिनिटांनी सुमनबाई माझ्यासमोर बसून चहा पीत होत्या.

त्या वेळी खुर्चीत कोण होतं, हे मी सुमनबाईंचं नाव न लिहिता सेंटरला, पोर्टलच्या हेल्पलाइनला आणि सुपरवायझर मॅडमना लेखी विचारलं आहे. तिघांपैकी एकानेही अजून उत्तर दिलेलं नाही.