आईच्या रडण्याला ‘हार्ट टचिंग साँग’ म्हणाले

आज सोमवार. धाकट्या भावाचा दहावा झाला. बांधाच्या वादात शेजाऱ्यानं त्याला कुऱ्हाडीनं मारलं.

आमच्या बोरी गावाकडं बायका गेलेल्याचं नाव घेत सुरात रडतात. आईही तशीच रडत होती. चुलतभावानं तिच्या रडण्याची रील टाकली आणि वर लिहिलं, ‘हार्ट टचिंग साँग’.

“काढ ती,” मी म्हणालो.

“दादा, लय हार्ट टचिंग हाय. लोकं बघून रडायलेत.”

मी कधी कुणावर हात उचलला नव्हता. आज त्याचं तोंड फुटेपर्यंत मारलं. शेवटी आईच मधे पडली. “सोड रे त्याला! एक गेला तेवढं बास झालं.”

त्यानं रील काढली. तुमच्याकडं आली असेल तर कृपा करून पुढं पाठवू नका. ते गाणं नाही.

शर्टावर त्याचं रक्त उडालं होतं. हापशावर एकटाच धूत बसलो.