टेबलाच्या पायाखालचं चित्र

बार्बामावशीने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी राबून काढली. साठीला टेकली तेव्हा कुठे टेकडीखाली तिचं स्वतःचं घर उभं राहिलं. तिची हौस एकच, घरातली जमीन सपाट हवी. “मालकिणींच्या घरच्या खाचखळग्यांतून सुपाचे वाडगे सांभाळत माझा जन्म गेला,” असं ती म्हणायची.

आमच्या ब्रिटनीत, फ्रान्सच्या या पश्चिम टोकाला, घरातली जमीन नाचून करतात. ओली चिकणमाती पसरायची, गावाने लाकडी बूट घालून तिच्यावर फेर धरायचा आणि माती बसेपर्यंत थांबायचं नाही. सनई माझी असते, म्हणून पुढच्या पापात माझाही वाटा आहे.

त्या उन्हाळ्यात मोरेल नावाचा पॅरिसचा चित्रकार आमच्या टेकड्या, गाई आणि बायकांच्या पांढऱ्या टोप्या रंगवत हिंडत होता. गळकं छप्पर दिसलं की त्याला आनंदाचं भरतं यायचं. नाच रंगात आला आणि हा आतल्या कोपऱ्यातून ओरडला, “थांबा! अगदी असेच! हलू नका!”

आम्ही पाद्रीबाबांचंही चटकन ऐकत नाही. पण त्या दिवशी सगळे सणाच्या कपड्यांत होतो ना! ज्योब लोहाराने पोट आत घेतलं. मी सनई नुसतीच तोंडात धरून गाल फुगवले.

“नाचा रे मेल्यांनो! माझी माती सुकतेय!” मावशी ओरडली.

“एवढं होऊ दे गं,” ज्योब ओठ न हलवता म्हणाला.

बाहेर कडकडीत ऊन होतं, वाराही कोरडा. मोरेलने कुंचला ठेवला, आम्ही पाय उचलले, तर प्रत्येकाच्या बुटाखाली हा एवढा खड्डा! मग ऊर फुटेस्तोवर नाचलो, पण माती काही ऐकेना. मावशी चुलीशी बसून रडली. गावाला पुन्हा बोलवायचं तर पुन्हा दारूचं पिंप आणायला हवं, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरायला ती तयार नव्हती.

मोरेलने फळीवर काढलेलं ते चित्र तिलाच भेट दिलं. दारातून दिसणारी टेकडी, वर आभाळ, पुढे आम्ही मख्ख उभे. मावशीने ते निरखून पाहिलं आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. अगदी नेमकं बसलं.

दोन वर्षांनी तो परत आला. “चित्र कुठे टांगलंत?”

“टांगलं नाही बाबा, कामाला लावलंय.”

त्याने वाकून पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. बराच वेळ खड्डे चाचपत राहिला, मग म्हणाला, “हे दुरुस्त कसं करतात?”

“नाचून.”

रविवारी सफरचंदाच्या दारूचं पिंप त्यानेच आणलं. आम्ही जमीन उकरली, भिजवली. उसन्या लाकडी बुटांत तो संध्याकाळपर्यंत चुकीच्या पायावर नाचला. “थांबलास तर याद राख!” मावशी डाव घेऊन मागेच होती. ज्योबने सवयीने पोट आत घेतलं, तर एक फटका त्यालाही बसला.

माती वाळल्यावर मावशीने टेबल मांडलं आणि काठोकाठ भरलेला सुपाचा वाडगा त्यावर ठेवला. थेंबही सांडला नाही. तिचा चेहरा पाहून माझं दोन वर्षांचं ओझं उतरलं.

चित्र आता भिंतीवर आहे. आभाळात एक गोल खळगा पडलाय. पाहुणे विचारतात, हा चंद्र का?

“चंद्र कसला! माझ्या टेबलाचा पाय आहे तो,” मावशी म्हणते आणि धिरडं उलटते.