स्वयंपाकघरातला सर्व्हर

त्या बाईवर माझा राग आजही आहे. वय झालं की माणूस माफ करायला शिकतं म्हणतात. माझं वय झालं, शिकणं तेवढं राहून गेलं.

राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. राजधानी नवी होती आणि तिला बसायला जागा नव्हती. रायपुरात मिळेल त्या बंगल्यावर सरकारी पाट्या लागत होत्या. आमचं कार्यालय शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात भरायचं. हॉलमध्ये साहेब, बेडरूममध्ये आस्थापना शाखा, न्हाणीघरात जुन्या फायली आणि स्वयंपाकघरात सर्व्हर. तिथे एक्झॉस्ट पंखा होता आणि ओट्याचा दगड थंड राहायचा, म्हणून ती जागा मीच निवडली होती. मी कंत्राटावर लागलेली कॉम्प्युटरवाली. भोपाळ आणि रायपूर यांच्यात कर्मचाऱ्यांची वाटणी चालली होती. कोण इकडे, कोण तिकडे, कुणाची नोकरी किती झाली, हे सगळं त्या एका यंत्रात होतं आणि ते मी भरलं होतं. दिवाळीनंतर माझं कंत्राट वाढवायचं की नाही ते ठरणार होतं. नोकरी होती म्हणून घरी माझ्या लग्नाची घाई थोडी दबून होती. ती गेली असती तर बाबांनी मला पुढच्याच मुहूर्तावर उजवून टाकलं असतं.

आस्थापना शाखेच्या प्रमुख एक मराठी बाई होत्या, मूळच्या नागपूरकडच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी काकू म्हणायचे, कारण ब्राह्मणपारा वस्तीत त्या आमच्याच गल्लीत राहत आणि आई त्यांच्याबरोबर भजनी मंडळात जायची. कंत्राटाचं टिपण त्यांच्याच टेबलावरून साहेबांकडे जायचं होतं.

खंडेनवमीला कार्यालयातल्या यंत्रांची पूजा करायची असं काकूंनी ठरवलं. भोपाळहून आलेले साहेब हौशी होते, त्यांनी लगेच मान डोलावली. मी सकाळी आले तर स्वयंपाकघर धुऊन काढलेलं, उंबऱ्यावर रांगोळी, आणि काकू दारात उभ्या. टायपिस्ट, शिपाई, साहेबांचा ड्रायव्हर, सगळे आजूबाजूला होते. त्यांच्यासमोर काकूंनी विचारलं, "काहून गं, तुले कावळा तं नाही ना शिवला?"

मी खरं सांगितलं. हाच माझा मूर्खपणा. घरी तसंच वळण होतं, विचारलं की सांगायचं.

"मग आत नको येऊ. तिथंच व्हरांड्यात बस," काकू म्हणाल्या. टायपिस्टनं नजर खाली घातली. ड्रायव्हरला मराठी येत नव्हती, पण त्यालाही कळलं. मी शरमेनं लाल झाले आणि जाऊन बाकावर बसले. ज्या यंत्रातला स्क्रू न् स्क्रू मला पाठ होता, त्याची पूजा मी खिडकीच्या जाळीतून बघत होते.

बाहेरच्या पेटीला हळद-कुंकू लावून काकूंचं समाधान होईना. "असली मशीन तं आतमधी आहे. डब्ब्याची काय पूजा करून राहिले तुम्ही?" असं म्हणून त्यांनी शिपायाकडून पेटी उघडवली आणि हार्ड डिस्क बाहेर काढवली. पाटावर लाल कापड, त्यावर डिस्क, तिच्यावर हळद, कुंकू, ओल्या अक्षता, झेंडू.

"काकू, तिला पाणी नका लावू," मी बाहेरून ओरडले.

"तू तिकडून बोलू नको," त्या म्हणाल्या. "पूजा सुरू आहे."

दसऱ्याची सुट्टी झाली आणि मी ठरल्याप्रमाणे नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायला बसले. काम तसं सरळ होतं. मोठ्या कपाटाला आत खण पाडावेत तशी डिस्क आखून तिची पार्टिशनं केलेली असतात. आमच्या डिस्कवर एका खणात यंत्र चालवणारी सिस्टीम होती आणि दुसऱ्यात सगळी माहिती. पहिला पुसून नवं घालायचं, दुसऱ्याला हात न लावता तो नव्या सिस्टीमला जोडून द्यायचा. त्या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. माउंट झाला की खण उघडला, नाही झाला तर आत सगळं असून नसल्यासारखं.

नवी सिस्टीम रडतखडत चढली, पण दुसरा खण माउंट होईना. पडद्यावर तीच ओळ परत परत यायची, वाचता येत नाही. मी खणाचा प्रकार चुकीचा सांगितला असेल म्हणून बदलून पाहिला. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला, तो अर्ध्यात अडकून बसला. वायर तपासावी असं मनात आलं होतं, पण यंत्र सुरू होताना डिस्कचं नाव पडद्यावर नीट उमटत होतं. नाव दिसतंय म्हणजे वायर ठीक, असं मी धरून चालले. शिपायालाही विचारलं. तो म्हणाला, "हव दीदी, जइसन रिहिस वइसने लगाय हँव." होती तशीच लावली म्हणे. तो गरीब खोटं बोलत नव्हता. माहितीची दुसरी प्रत म्हणाल तर पावसाळ्याआधीची होती. नव्या सीडी रायटरची मागणी मंजूर होऊन भोपाळातच पडली होती.

दुपारी साहेब आले. त्यांच्यामागून काकू. साहेब म्हणाले, "पूरा डेटा गया क्या?" मी म्हटलं, नाही सर, आत आहे, उघडत नाही एवढंच. तेव्हा काकू हळूच, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सर, उस दिन मैंने मना किया था. बाद में इसने हाथ लगाया होगा. शुद्धि नहीं रखी, तो ऐसा ही होता है."

साहेब एवढंच म्हणाले की उद्यापर्यंत बघा, नाहीतर बाहेरचा माणूस बोलवू आणि पुढचं पुढे ठरवू. पुढचं म्हणजे काय ते मला समजलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी कदाचित विसरले असते. पण संध्याकाळी भजनी मंडळात त्यांनी ते आईला सांगितलं, चार बायकांत. आई घरी आली, चप्पल काढली आणि दारातच मला विचारलं, "खरं सांग, हात तं नाही ना लावला तू?"

माझी आई. मला त्या क्षणी त्या बाईचं तोंड ओट्याच्या दगडावर घासावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी पेटी उघडली. आता नावागावावर विश्वास ठेवायचा नाही, सगळं हातानं बघायचं. डिस्कच्या मागे पट्टीसारखी रुंद वायर खोचलेली असते. ती एका टोकाला किंचित उचललेली दिसली. ओढून काढली. पिनांच्या दोन ओळींमध्ये तांदळाचा एक दाणा बसला होता, हळदीनं पिवळा, दाबून चपटा झालेला. शेजारची पिन वाकलेली आणि भोवती कुंकवाचा वाळलेला चिखल. डिस्क स्वतःचं नाव सांगण्यापुरती बोलत होती, पण आतलं मोठं काही वाचायला गेलं की अडखळत होती.

चिमट्यानं दाणा काढला. स्पिरिट लावून जुन्या टूथब्रशनं पिना घासल्या, वाकलेली पिन सुईनं सरळ केली. वायर बसवली, यंत्र चालू केलं, माउंटचा हुकूम दिला. खण उघडला. माणसांची नावं सरसर वर सरकायला लागली आणि मी ओट्याला टेकून रडले.

मग डोळे धुतले आणि वाट बघत बसले. सगळे आल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नव्हते. साहेब, काकू, टायपिस्ट, ड्रायव्हर, त्या दिवशी जे जे हजर होते ते सगळे जमल्यावर मी पांढऱ्या कागदावर तो दाणा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितलं. साहेब आधी वाकून बघत राहिले, मग मोठ्यांदा हसले. "मैडम, चावल भगवान को चढ़ाना था, आपने मशीन को खिला दिया!" सगळं कार्यालय हसलं. काकूंचं तोंड एवढंसं झालं. माझं कंत्राट वाढलं, टिपणावर सही त्यांनाच करावी लागली.

पण माझं पोट भरलं नाही. कारण आठवड्याभरात काकूंनी मंडळात नवीन सांगितलं. दाणा सापडला ते खरं, पण तो तिथे गेला कसा? बाहेर बसलेली पोट्टी पूजेत मधेच ओरडली, म्हणून अपशकुन झाला. आई हे ऐकून आली. या वेळी तिनं मला काही विचारलं नाही. सरळ कणीक मळायला बसली.

पुढच्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं की सर्व्हरची पूजा मीच करायची, कारण हळद कुठे लावायची नाही ते हिलाच ठाऊक आहे. खंडेनवमी आली, आणि माझा दुसरा दिवस होता.

सकाळी आई दारात उभी होती. तिला माहीत होतं, आमच्या घरात अशी गोष्ट लपत नसे. मी चपला घातल्या आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. अडवायचं तर अडव मला, असं मनात होतं. ती आत गेली, छोटी डबी घेऊन आली आणि माझ्या पर्समध्ये सरकवली.

"तांदूळ कोरडेच ने," ती म्हणाली. "ओले नको करू."

मी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले. पेटी न उघडता बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, चार कोरडे दाणे वाहिले, आरती केली. ताट काकूंनी धरलं होतं. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर सगळ्यांना आधी तो दाणाच आठवला असता. मग मी प्रसाद वाटला. काकूंना पेढा दिला, तो त्यांनी तोंडात टाकला, आणि लहानांनी मोठ्यांना करावा तसा मी त्यांना वाकून नमस्कार केला. आशीर्वादासाठी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उठता उठता मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "काकू, आज माझा दुसरा दिवस आहे."

त्यांचं तोंड हलायचं थांबलं. गाल तसाच फुगलेला. समोर साहेब उभे होते, मागे सगळं कार्यालय.

"क्यों मैडम," साहेबांनी विचारलं, "पेड़ा अच्छा नहीं है क्या?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या यंत्राकडे. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी पेढा गिळला.

"बढ़िया है सर," त्या म्हणाल्या.