पुड्यावरची भाकरी

पासलीच्या शाळेत मी एकटा मास्तर, चुलीपुढं कधी न बसलेला. चहा-बिस्किटांवर राहायचो, पोट कायम बिघडलेलं. वेल्ह्याहून दिवसाआड पायी टपाल आणणारे काका माझे बिस्किटपुडे आणत. कधी उपदेश केला नाही. पुड्यावर फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी मात्र ठेवत. "आदी ही खावा, मंग पुडा फोडा."

दिवाळीपर्यंत पुडे तसेच पडून राहू लागले. "आता पुडे नका आणू," मी म्हणालो. पुढच्या खेपेला भाकरीही नव्हती. फडक्यात पीठ होतं. "आता तुमी थापा."

माझी पहिली भाकरी फाटली, करपली. ती त्यांनी समोर बसून, काळा तुकडाही न टाकता खाल्ली.

"फुडची बरी व्हईल, मास्तर," म्हणत ते पुढच्या वाडीच्या वाटेला लागले.